जिन्यातल्या खोलीतली रम्या

रम्यानं पहिल्याच भेटीत मला एक अट घातली. तिच्या बाजूनं मी कुणाशी एक शब्दही बोलायचा नाही.

माझ्यासारखीला ही अट पाळणं किती कठीण, हे तिला ठाऊक नव्हतं. मी पुण्याची. कुणी विचारलेलं नसताना दुसऱ्याची बाजू घेऊन भांडायचा माझा स्वभाव, आणि नोकरीही तशीच. कंपनीतल्या लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना ऐकवायच्या. दोन वर्षांसाठी बेंगळुरूला बदली झाली तेव्हा मल्लेश्वरममध्ये रावांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला. नवरा आणि मुलगी पुण्यातच राहिली. घरमालक मराठी आहेत, याचाच मला केवढा आनंद झाला होता. हे घराणं चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं. पण घरातले थोरले, म्हणजे रम्याचे सासरे अण्णा, "आम्ही आलो तेव्हा इथं सगळं रान होतं की" असं सांगायचे ते गेल्याच वर्षी टेम्पोतून सामान उतरवल्याच्या थाटात. त्यांचं मराठी अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले. त्यात निम्मं कन्नड होतं आणि उरलेलं माझ्या पणजीच्या वेळचं.

राहायला जाऊन आठवडा झाला असेल. भाजी घेऊन जिना चढत होते, तर अर्ध्या जिन्यावर, वळणावरच्या छोट्या खोलीच्या उंबऱ्यात एक मुलगी ताट घेऊन बसलेली. बुटकी, मोठा चष्मा, वेणीत अबोलीचा गजरा. घरची सून. एकदा खाली ओळख करून दिली होती.

"रम्या ना तू? इथे का जेवतेस?"

"बाजूला आहे, अक्का," ती म्हणाली. आमच्या ऑफिसातले लोक "मीटिंगमध्ये आहे" म्हणतात, तितक्या सहज.

मला कळायला क्षणभर लागला. मग माझा पारा चढला. या काळात, या शहरात, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला पाळी आली म्हणून जिन्यात बसवतात! मी भाजीची पिशवी तिथेच टेकवली आणि म्हटलं, "थांब, मी आत्ता खाली जाऊन बोलते."

ती ताटासकट उठली आणि मला न शिवता माझी वाट अडवून उभी राहिली.

"अक्का, स्वल्प हळू. तुम्ही अम्मांना काही सांगू नका."

"घाबरतेस सासूला?"

"नाही हो. अम्मा चांगल्या आहेत. म्हणून तर. तुम्ही सांगितलं आणि त्यांनी ऐकलं तर?"

मग तिनं पायानं दार ढकलून खोली दाखवली. पूर्वी तिथे नारळ आणि मोठी भांडी ठेवत असत. एक चटई, एक चादर, तांब्या, आणि गज असलेली एक खिडकी. खिडकीबाहेर करंजाचं झाड आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची पाठ. आणि चटईच्या तिन्ही बाजूंनी कागदच कागद. शाईच्या बाटल्या, बोरू, निबांची डबी, वाळत घातलेली चित्रं. तो तुरुंग म्हणावा तर कैदी फारच खुशीत होता.

रम्या इलस्ट्रेशन शिकत होती. इंदिरानगरच्या बाजूला कॉलेज, दोन वर्षांचा कोर्स. लग्न ठरताना बनशंकरीच्या तिच्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती, मुलीला पुढे शिकू द्या. अम्मा म्हणाल्या होत्या, "शिकू दे की. घरचं बघून शिकू दे." सगळ्यांना हे फार मोकळ्या मनाचं वाक्य वाटलं, आणि एका अर्थी होतंही. पण रावांच्या घरचं बघणं म्हणजे काय, ते मी वरून दोन वर्षं ऐकलं. पहाटे पाचला दारात सडा-रांगोळी, न्हाणं, मग मडी नेसून, म्हणजे आपल्याकडचं सोवळं, देवाचा स्वयंपाक. अण्णांची पूजा, नवऱ्याचा डबा. नऊच्या मेट्रोनं कॉलेज, साडेपाचला परत की दिवाबत्ती, संध्याकाळचा स्वयंपाक, आल्यागेल्याचं पान. अम्मांचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे त्या खुर्चीवर बसून फक्त सांगायच्या. एकादशी, श्रावण, कुणाचं ना कुणाचं श्राद्ध असे जास्तीचे दिवस वेगळेच. यात चित्र काढायचं कधी?

महिन्यातले तीन दिवस. त्या तीन दिवसांत तिला कुणी हाक मारत नसे, कुणी काम सांगत नसे. ती कशाला हात लावू शकत नव्हती, त्यामुळे तिच्याकडून काहीच करून घेता येत नव्हतं. कॉलेजला जायला मनाई नव्हती. विटाळ घराला होतो, मेट्रोला होत नाही. पण अगदीच गरज असेल तरच ती जायची. नाहीतर उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मान खाली घालून काढत बसायची. "हे तीन दिवस गेले तर माझं कॉलेज गेलं, अक्का," ती म्हणाली. मी भाजीची पिशवी उचलली आणि खाली न जाता वर गेले.

तिच्या काही सवयी मला पाठ झाल्या होत्या. वेणीत गजऱ्याच्या आड पेन्सिल खोचलेली असायची. मडी नेसायच्या आधी ती काढून माझ्या खिडकीत ठेवायची, डबा भरून झाला की परत खोचायची. बोटांना शाई लागलेली चालत नसे, म्हणून लिंबाची साल घेऊन नखं घासत बसायची. तिच्या हातांना कायम लिंबाचा वास. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून, घडी घालून ती इवल्या वह्या करायची आणि मेट्रोत काढायची. पण चेहरे नाहीत, पाय. "सुनेनं वर मान करून लोकांकडं बघत बसणं बरं दिसत नाही की, आमच्या ओळखीचं कोण ना कोण असतंच डब्यात," ती सांगायची. त्यामुळे तिच्या वह्यांत नुसते पाय होते. बूट, चपला, जोडवी, भेगा. माझ्या दोन वेगवेगळ्या जोडांतल्या सपाताही त्यात निघाल्या. मला त्या तशा आहेत हे तिच्या चित्रात पाहून कळलं.

आणि चेहरा नेहमी शेवटी. चित्र पूर्ण व्हायचं, लुगड्याची किनार, पातेल्याचा पोचा, सगळं. तोंडाच्या जागी पांढरा गोल.

"तोंडं शेवटी, अक्का. तोंड काढलं की ती बोलायला लागतात. मग मला वेळ लागतो."

कुठलीही अशक्य गोष्ट समोर आली की ती म्हणायची, "सोपं आहे की." उद्या पाच माणसं जेवायला आहेत आणि परवा दहा चित्रं द्यायची आहेत? सोपं आहे की. मला हे ऐकून चीड यायची. पण ती तोंडानं तसं म्हणायची आणि खरोखर करून टाकायची, त्यामुळे चिडायचं कुणावर तेही कळायचं नाही.

पहिल्या वर्षी तिच्या सरांनी सगळ्यांना सांगितलं, शहरातली एक जागा निवडा, तिथे तासन् तास बसा, एकाच जागेची वीस चित्रं काढा. मुलं फुलबाजारात गेली, बसस्टँडवर गेली. हिला तासन् तास कुठे बसता येणार? हिनं जिन्यातल्या खोलीच्या खिडकीतून वीस चित्रं काढली. एक झाड, पाण्याची एक टाकी, मध्ये गज. सकाळची, दुपारची, टाकीवर कावळा असलेली, कावळा नसलेली. सर म्हणे वर्गात बराच वेळ त्या चित्रांपुढे उभे राहिले. मग म्हणाले, ही चौकट किती धीट निवड आहे, बंदिस्तपणाचा काय विचार केलाय बघा.

"मग तू काय म्हणालीस?"

"थँक्यू सर म्हटलं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जिन्यात इतक्या हसलो की खालून अम्मांनी विचारलं, काय झालं गं?

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध आणि तिचे दिवस एकत्र येणार होते. अम्मांनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या. या घरात तो रिवाजच होता. पण त्याच आठवड्यात तिला कॉलेजात काम द्यायचं होतं. तिनं गोळ्या मोरीत टाकल्या आणि श्राद्धाच्या सकाळी चटई घेऊन वर गेली. "गोळी लागू पडली नाही," एवढंच सांगितलं. खाली अम्मांनी एकटीनं बारा पानांचा स्वयंपाक केला. पहाटेपासून त्यांचा पाटा-वरवंटा ऐकू येत होता, मध्येच थांबायचा, बहुतेक गुडघा सरळ करायला, मग परत सुरू. दुपारी मी खोलीत डोकावले तर रम्या भिंतीला टेकून बसलेली. समोरचा कागद कोरा.

"एक रेघ आली नाही, अक्का," ती म्हणाली. डोळे लाल होते. मी तिला पाणीसुद्धा देऊ शकत नव्हते, म्हणजे तिनं घेतलं नसतं. मी उंबऱ्याबाहेर पायरीवर नुसती बसून राहिले.

दुसऱ्या वर्षी तिनं शेवटचं मोठं काम हातात घेतलं. शब्द नसलेलं चित्रपुस्तक, सोळा जोडपानं. मे महिन्यात ज्युरीपुढे, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांपुढे, ते पुरं मांडायचं, तर पदवी. गोष्ट एवढीच, की एक बाई जिना चढते. पहिल्या पानावर ती तळाशी उभी आहे, हातात दुधाचं पातेलं. प्रत्येक जोडपानावर ती एक पायरी वर येते आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी तिला थांबवतं. कुणी लिंबू मागतं, कुणी पत्ता विचारतं, कुणी नुसतंच येऊन तिच्या पाया पडतं. शेवटच्या पानावर ती गच्चीत पोचते.

"गच्चीत पोचून काय करते?"

"काही नाही. उभी राहते."

"बस?"

"बस की."

मी चित्रकलेतली जाणकार नाही. पण त्या कागदांपुढे मला माझ्या आईची आठवण यायची, एवढं खरं.

आता अम्मांबद्दल सांगायला हवं. सासू म्हटली की डोळ्यांपुढे जे येतं ते त्या नव्हत्या. माझा आवाज बसला की मिरीचं सारू वर पाठवणाऱ्या, कोसंबरी केली की आधी माझी वाटी भरणाऱ्या. स्वयंपाकघराच्या दारामागे त्यांचं कॅलेंडर होतं. रम्या वर गेली की त्या तारखेला त्या निळ्या पेनानं एक ठिपका काढत, पुढची व्रतं आणि पाहुणे त्या हिशेबानं ठरत. पण ठिपक्याचा त्यांच्यापुरता आणखी एक अर्थ होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कोपऱ्यावरच्या अश्वत्थकट्ट्यावर नागाचे दगड मांडलेले आहेत, मूलबाळ व्हावं म्हणून बायका तिथे नवस करतात. अम्मा त्या तसल्या गुडघ्यांनी रोज सकाळी तिथे अकरा प्रदक्षिणा घालायच्या.

एकदा त्या माझी वाटी द्यायला जिन्याच्या तळाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"परत वर गेली बघ," त्या म्हणाल्या. "मी तिला काय बोलत नाही हं. पण दर महिन्याला मला स्वल्प आशा असती. दोन दिवस उशीर झाला की मी देवाजवळ दिवा जास्तीचा लावते. आणि मग ती चटई उचलती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर, मधल्या खोलीत, रम्या गुणगुणत शाई कालवत होती. मी बरोबर दोघींच्या मध्ये उभी. मला दोघींचाही राग आला आणि दोघींचीही इतकी दया आली की वाटी घेऊन मी वर गेले.

फेब्रुवारीअखेरची गोष्ट. रम्या बाजूला बसली होती. सकाळी मधल्या खोलीला लागून असलेल्या मोरीतून उलटीचा आवाज आला. मी बाहेर आले तर ती तोंड पुसत उभी.

"काय खाल्लंस?"

तिनं निबांची डबी उघडली. आत, कागदात गुंडाळून, ती चाचणीची पट्टी होती. मल्लेश्वरममध्ये सगळे औषधवाले अण्णांच्या ओळखीचे, म्हणून इंदिरानगरहून आणलेली. दोन रेघा.

"अगं, मग तू इथे बाजूला कशी?"

"जानेवारीत उशीर झाला होता, अक्का. वाटलं, येईलच दोन दिवसांत, म्हणून आधीच येऊन बसले. ती आलीच नाही." तिनं डबी बंद केली. "या वेळी मात्र माहीत होतं."

मी तिला हाताला धरून पायरीवर बसवलं. आज शिवायला हरकत नव्हती. "अम्मांना सांग. वेड्या होतील आनंदानं."

"तेच की. त्यांना आनंद झाला की मला खाली बसवतील. मग ही खोली गेली. बारा पानं झालीत, अक्का, तीही तोंडं सोडून. अजून दोन वेळा बसायला मिळालं की होतं. मार्चमध्ये पानं, एप्रिलमध्ये तोंडं."

"आणि श्रीनिधी?" हा तिचा नवरा. साधा, सरळ, कॉम्प्युटरवाला.

"त्यांना सांगितलं की पाच मिनिटांत अम्मांना कळेल. ते काही लपवत नाहीत कुणापासून. चांगला माणूस आहे."

"अम्मा दर महिन्याला रडतात, माहितेय तुला?"

तिचा हात डबीवर थांबला. "माहितेय," ती म्हणाली. "जिन्यात आवाज येतो." "दोनदाच अजून."

मी गप्प बसले. बरोबर केलं का, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरकडे मात्र मी तिला नेलं, कॉलेजच्या वेळात, माझ्या ओळखीनं, दूरच्या दवाखान्यात. सगळं नीट होतं. मार्चअखेर ती पुन्हा चटई घेऊन वर आली. तीन दिवस, मान वर न करता, उरलेली पानं पुरी केली. तिला सारखी झोप यायची, तर पाय थंड पाण्याच्या बादलीत ठेवून काढायची. अकरा पानांवर तोंडंही काढून झाली. उरली पाच, त्यात गच्चीचं शेवटचं पान. "एप्रिलमध्ये होतात. सोपं आहे की," ती म्हणाली आणि मी पहिल्यांदाच तिच्यावर विश्वास ठेवला.

पाडवा त्यानंतर आठ दिवसांनी आला. रावांकडे मला जेवायला बोलावलं होतं. कडुलिंब आणि गूळ हातावर ठेवून झालं, पानं मांडली, आणि होळिगेचं, म्हणजे पुरणपोळ्यांचं, ताट घेऊन येता येता रम्या दारातच खाली बसली. ताट घरंगळत गेलं. धावाधाव झाली. समोरच राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना अण्णांनी हाक मारली. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

रम्याच्या आधी अम्मांनीच उत्तर दिलं. "गेल्याच आठवड्यात बसली होती की. हे बघा ना," आणि त्यांनी दारामागचं कॅलेंडर दाखवलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. निळे ठिपके.

डॉक्टरीणबाईंनी रम्याच्या पोटावर हात ठेवला. कॅलेंडरकडे पाहिलं, रम्याकडे पाहिलं. "असं कसं असेल?" त्या म्हणाल्या. "स्कॅन करून घेऊ."

संध्याकाळी स्कॅनहून सगळे परत आले. चौदा आठवडे. श्रीनिधी दारातच लहान मुलासारखा रडत होता. अम्मा सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि कॅलेंडरपुढे उभ्या राहिल्या. एकेका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"तीन महिने मी देवापुढं रडले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

रम्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. आता सांगेल, असं मला वाटलं. सांगावं, असं मनापासून वाटलं. पुस्तक, पानं, तोंडं, सगळं.

"भीती वाटली, अम्मा," ती म्हणाली. "आधी सांगायचं, आणि मग काही झालं तर. म्हणून तीन महिने थांबले."

अम्मांचा चेहरा बघता बघता निवळला. तीन महिने कुणाला सांगू नये, हे त्यांच्या आईनंही त्यांना सांगितलं होतं. "किती शहाणी ग पोर," त्या म्हणाल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं आणि मग दोघी रडल्या. एक खोटं दुसऱ्या रिवाजात इतक्या सहज बसून गेलं की कुणाला शंका आली नाही. तिनं काय केलं होतं आणि कशासाठी, हे त्या घरात आजही कुणाला माहीत नाही.

त्या दिवसापासून प्रेमानं तिला घेरलं. जिना बंद, मेट्रो बंद. शाईचा वास बाळाला बरा नव्हे. जेवणाच्या टेबलावर तिनं दोनदा चित्रांची पानं उघडली. अम्मा म्हणाल्या, वाकून बसू नको गं, बाळ दबेल. कंटाळा येऊ नये म्हणून बनशंकरीहून आई आली, मग मावशी, मग अम्मांची बहीण. कामं सगळी बंद झाली होती, पण तिला एकटीला कुणी सोडेना. एक दिवस न राहवून मी अट मोडली. अम्मांना म्हटलं, तिला रोज दोन तास माझ्याकडे वर पाठवा, तिचं काम होईल.

"जिना, अगं!" अम्मा म्हणाल्या. "तुला मूल आहे ना? तुला तरी कळायला पाहिजे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ काळजी होती. काळजीशी कसं भांडायचं हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी परत वर आले.

मेमध्ये सरांनी फोनवर सांगितलं, पाच पानांवर चेहरे नाहीत तर पुस्तक ज्युरीपुढे ठेवता येणार नाही, पुढच्या वर्षी मांड. श्रीनिधी म्हणाला, "पुढच्या वर्षी कर की. स्वल्प अडजस्ट. कोण नको म्हणतंय?" आणि खरोखरच कुणी नको म्हणत नव्हतं. त्या दिवशी मी खाली गेले तेव्हा ती "सोपं आहे की" म्हणाली नाही. संध्याकाळी श्रीनिधीच्या हाती तिनं चित्रांची मोठी फाइल माझ्याकडे पाठवली. वर चिठ्ठी, तुमच्याकडं ठेवा, इथं कुणीतरी कौतुकानं हाताळेल.

जुलैत मधली खोली धुतली. नारळाचे जुने डाग घासले, भिंतीला पिवळा रंग दिला. "बाळाची खोली," अम्मांनी मला सांगितलं. "आणि ते बाजूला बसणं-बिसणं आता बंद. काळ बदललाय. कुणी बसायचं नाही तिथं." त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की आता ही पुण्याची बाई खूश होणार. दोन वर्षांपूर्वी मी पेढे वाटले असते.

रम्या शेजारीच बसली होती. "सरी, अम्मा, बरं," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये माझी दोन वर्षं संपली. निघायच्या सकाळी शेवटची बॅग घेऊन मी जिना उतरत होते. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये घातक असलेला जिना आता औषध झाला होता. रम्या खुर्चीवर बसून भिंत रंगवत होती. अम्मा शेजारी स्टुलावर, ब्रश धुवायचा पेला दोन्ही हातांत धरून.

भिंतीवर ससे होते. दारापासून खिडकीपर्यंत एक जिना चढत गेला होता आणि प्रत्येक पायरीवर एक ससा. एकाच्या हातात लिंबू, एक पाया पडतोय, एक पत्ता विचारतोय. सगळ्यात खालच्या सशाच्या हातात दुधाचं पातेलं. मी मोजले नाहीत, मला मोजायची गरज नव्हती. खिडकीच्या कडेला, सगळ्यात वर, एक ससा गच्चीत उभा होता. कान, शेपट्या, अंगरखे, सगळं झालं होतं. तोंडांच्या जागी पिवळी भिंत.

मी बॅग पायरीवर टेकवली. "फाइल?" मी हळूच विचारलं.

"असू दे तुमच्याकडं, अक्का," ती म्हणाली. चष्म्यावर रंगाचा थेंब होता. वेणीत गजरा होता, पेन्सिल नव्हती.

अम्मांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या भिंतीकडे बघून हरखल्या होत्या. "बघ की, किती छान केलंय पोरीनं! तोंडं तेवढी राहिलीत."

"तोंडं शेवटी, अम्मा," रम्या म्हणाली.

"सावकाश कर गं," अम्मांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वेळच वेळ आहे की तुला आता."

रम्यानं त्यांच्या हातातल्या पेल्यात ब्रश बुडवला. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी बॅग उचलली आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.